आधी चान्स प्रिंट, मग माणूस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, आधी मला त्या ठशात काही धड दिसतच नव्हतं. नाफिसच्या मशीननं देशभरच्या नोंदींतून जुळणारा उमेदवार दिला, त्याच्या बोटांच्या ठशांची स्लिप शेजारी ठेवली, आणि मग एकेक खूण दिसायला लागली." तेव्हापासून हेच वाक्य डोक्यात घोळतंय.

साहेब चिडलेत, तपास अधिकारी सारखा फोन करतोय, बेरळच्चु (बोटांच्या ठशांच्या) विभागात तू नवीन आहेस, सगळं कळतं मला. पण तुझी अडचण साहेबांची नाहीच. ती क्रमाची आहे. आधी चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळी सापडलेला ठसा, वाचायची. एकटी. शेजारी काही नको. कुठली रेघ कुठे संपते, कुठे फाटा फुटतो, कुठे पावडर साचून खोटी रेघ झालीय, हे कागदावर उतरवायचं. प्रिंट तुलनेला पुरेशी आहे की नाही तेही तिथेच ठरवायचं, तारीख-वेळ टाकून सही करायची. मगच स्लिप उघडायची.

१८९७ साली कलकत्त्यात ठशांचा ब्युरो सुरू झाला. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरण बसवलं (नाव मात्र त्यांचे इंग्रज वरिष्ठ हेन्रीसाहेब यांचं लागलं, हा राग माझ्या मनातून जात नाही). त्या पद्धतीत दहा बोटं वाचून सूत्र मांडल्याशिवाय कपाटाचा खण उघडताच येत नसे. पद्धतच माणसाला आधी वाचायला लावायची. आता मशीन आधी नाव देतं. मशीनला नावं ठेवत नाही मी. महाराष्ट्रातल्या चंदगडकडचा चोर इकडे कर्नाटकात येऊन घर फोडून गेला, तर राज्य बदललं म्हणून पत्रव्यवहार करत बसायचे दिवस मी काढलेत. पण एवढ्या मोठ्या साठ्यातून शोध घेतला, की दुसऱ्याच माणसाचा पण हुबेहूब वाटणारा ठसा कधी ना कधी वर येणारच.

२००४ साली माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटात डिटोनेटरच्या पिशवीवर ठसा मिळाला. एफबीआयच्या मशीननं दिलेल्या यादीत ओरेगनच्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा ठसा होता. मुरलेल्या तज्ज्ञांनी तोच म्हणून सांगितलं, कोर्टानं नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञही तेच बोलला. माणूस दोन आठवडे अडकून पडला. अखेर स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. चौकशीत काय निघालं? मेफिल्डचा ठसा पाहिल्यावर तज्ज्ञांना चान्स प्रिंटमध्ये त्याच्यासारख्या खुणा सापडायला लागल्या होत्या. तुझंच वाक्य आहे हे, पोरी!

एका घरफोडीत दागिन्यांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण माझ्यासमोर आलं. संशय मोलकरणीवर. बाईचा उमेदीचा काळ निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत गेलेला, बोटांच्या रेघा झिजलेल्या. (ऊसतोडीला जाणारे, उद्यमबागच्या फाउंड्रीतले, गवंडी, आपल्याकडे असे हात किती! रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत येतात तीच ही माणसं.) झाकणावर बॅटरीचा उजेड तिरपा टाकला. अर्धा लूप (वळून परतणाऱ्या रेघा), डेल्टा (रेघांचा त्रिकोणी सांधा) नाही, डावीकडे बोट घसरलेलं. मधोमध एक स्वच्छ फाटा. लेन्स लावली तेव्हा कळलं, तो फाटा नव्हता. झाकणावरचा ओरखडा होता, त्यात काळी पावडर भरली होती, आणि तो ओरखडा ठशाच्या बाहेरही पुढे गेला होता. हे सगळं लिहून सही केली, मग बाईची स्लिप उघडली. तिच्या उजव्या तर्जनीवर नेमका त्याच जागी फाटा! आधीचा कागद नसता तर मी तो ओरखडा मोजला असता का? ती वेळच स्वतःवर येऊ द्यायची नाही, म्हणून तर आधी चान्स प्रिंट.

मी अभिप्राय दिला, तुलनेस अपुरी. त्या केसचा तपास अधिकारी रिटायर होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मला हळू म्हणाले, अडेलतट्टू म्हणाले. नवीन मुलांना शिकवायचं काम शेवटपर्यंत माझ्याकडे आलं नाही, ही खंत आहे, आणि ती जायची नाही. पण मी हळू नव्हतो. मी क्रमानं जात होतो. उलटतपासणीत वकिलानं "या खुणा केव्हा टिपल्या?" विचारलं की मी तारीख-वेळ पुढे करायचो. किती पॉइंट जुळले पाहिजेत याचा आकडा कायद्यात नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञ म्हणून तू देतेस ते मत, आणि कोर्ट विचारणार ते मत कसं झालं.

आता या केसमध्ये तुझी नजर कोरी राहिलेली नाही, हे मान्य कर. "या खुणा स्लिप पाहिल्यानंतर टिपल्या" असं फाइलमध्ये स्पष्ट लिही. मग प्रिंट अशा तज्ज्ञाकडे दे, ज्याला उमेदवार, तुझं मत, साहेबांची घाई, यातलं काहीच ठाऊक नाही. साहेब ओरडतील. ओरडू देत. तोंडी ऐकत नसतील तर लेखी दे आणि पोच घे.

आणि घरच्यांचे ठसे घेतले होते का? फोनवर त्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. कपाटावरचा ठसा पुष्कळदा घरच्याच सुनेचा निघतो. उद्या पहिल्यांदा तेवढं विचार आणि मला कळव.

तुझा,
काका