एका आठवड्यात पाच नॅशनल पार्क झेपतील का?

प्रश्न: धाकटे दीर लास वेगासला असतात, मेअखेर आम्ही जातोय. मी, नवरा, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. दीर म्हणतात आठवड्यात झायन, ब्राइस, आर्चेस, कॅनियनलँड्स, ग्रँड कॅनियन सगळं गाडीने करू. जमेल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, जमेल, पण निम्मा वेळ गाडीतच जाईल. आर्चेस आणि कॅनियनलँड्स पार युटा राज्याच्या पूर्वेला, मोआब गावाच्या बाजूला आहेत, ते या खेपेला सोडा. वेगासहून झायन तीनेक तास, तिथून ब्राइस दोन तास, मग ग्रँड कॅनियनचा साउथ रिम म्हणजे दक्षिणेकडचा कडा, एवढंच करा आणि निवांत करा.

सासूबाईंना गाडीत बसवून ठेवू नका हं, झायनची शटल, म्हणजे पार्कात फिरवणारी बस, व्हीलचेअरवाल्यांनाही चालते, पारूस ट्रेल सपाट पक्का रस्ता आहे, आणि ब्राइसला सनराइज ते सनसेट पॉइंट कड्याच्या कडेने डांबरी वाट आहे, खाली लालकेशरी सुळकेच सुळके, सगळं बाकावर बसून बघता येतं. फक्त स्वेटर घ्या, ब्राइसचा कडा 2400 मीटरच्या वर आहे, आपलं कळसूबाई 1646, मेमध्येही रात्री हुडहुडी भरते.

खरी काळजी घ्यायची ती पाण्याची. आपल्याकडे घामाने शर्ट अंगाला चिकटतो म्हणून कळतं तरी, तिकडे हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि तिथल्या तिथे वाळतो, टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ दिसते तेव्हा लक्षात येतं, आणि मुलं तर खेळण्याच्या नादात पाणी मागतच नाहीत. माणशी दिवसाला चार लिटर धरा, नुसतं पाणीही नको, सोबत खारे शेंगदाणे, चकली, ओआरएस असू दे. चालायचं ते सकाळी दहाच्या आत. ग्रँड कॅनियनमध्ये खाली उतरायला सोपं वाटतं, चढायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून मुलांना घेऊन थोडंसंच उतरा.

मुलांना प्रत्येक पार्कात ज्युनियर रेंजरची, म्हणजे मुलांनी सोडवायच्या उपक्रमांची, पुस्तिका मागून घ्या, ती भरली की रेंजर (पार्कचा वनरक्षक) शपथ देऊन बॅज देतो, मुलं हरखून जातात.

पैशांचं म्हणाल तर 2026 पासून या तिन्ही पार्कांत अमेरिकेबाहेरून येणाऱ्या 16 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला 100 डॉलर जादा पडतात, त्यापेक्षा 250 डॉलरचा वर्षाचा पास परवडतो. आणि हो, झायन-ब्राइससाठी युटात शिरलात की घड्याळ एक तास पुढे जातं, ग्रँड कॅनियनसाठी ॲरिझोनात परत मागे, हॉटेलची आणि शटलची वेळ त्या हिशोबाने धरा.