वाचकांचे प्रश्न : ढगातला बर्फ

प्रश्न : उजळाईवाडीहून उडणाऱ्या विमानाचा बर्फाशी काय संबंध? कोल्हापुरात गारांपलीकडे आपण बर्फ बघत नाही. मग इथे येणाऱ्या वैमानिकांना त्याचं शिक्षण कशाला?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : खाली नसला तरी वर बर्फ असतो. पंचगंगा पात्राबाहेर असते त्या जुलैतही आपल्याकडे साधारण 16 ते 18 हजार फुटांवर तापमान शून्याला येतं. इथे येणारं प्रोपेलरचं प्रवासी विमान एटीआर-72 जास्तीत जास्त 25 हजार फुटांपर्यंत जातं, त्यामुळे त्याला त्या उंचीवरचे ढग टाळून वरून जाता येत नाही. ढगातले थेंब शून्याखालीही पातळच राहिलेले असतात आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आदळले की गोठतात. वजन वाढून विमान पडतं, असा समज आहे. खरा घात पंखाचा आकार बिघडल्याने होतो. हवा पंखाला धरून वाहत नाही आणि एरवी निर्धास्त असलेल्या वेगालाच विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांचा आधार सुटतो.

प्रश्न : कॉकपिटमध्ये नेमकं काय करायला शिकवतात?
– विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : एटीआरचंच घेऊ. उडताना तापमान 7 अंश किंवा कमी आणि बाहेर ढग किंवा पाऊस असेल, तर बर्फ दिसायची वाट न बघता प्रोपेलरच्या पात्यांचे हीटर चालू करायचे. सुकाणूंच्या टोकांचे, ज्यांना हॉर्न म्हणतात, त्यांचेही. हॉर्नचे हीटर चालू होताच स्टॉलचा इशारा लवकर मिळू लागतो, म्हणून किमान वेगही वाढवून धरायचा. डाव्या खिडकीबाहेरची एक छोटी दांडी दोन्ही वैमानिकांना दिसते. तिच्यावर थर धरला की पंखांच्या कडेचे रबरी बूट सुरू करायचे. ते हवेने फुगून बर्फ फोडतात. ‘थर जाड होऊ द्या, मग फुगवा’ हा जुना सल्ला आता विसरावा.

मोठे थेंब मात्र बुटांच्या मागे वाहत जाऊन गोठतात. 31 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-72 असंच कोसळलं, 68 जण गेले. त्यानंतर बूट मागेपर्यंत वाढवले गेले. बाजूच्या काचेवर बर्फ पसरू लागला किंवा वेग विनाकारण उतरला, तर किमान वेगात 10 नॉटची (ताशी सुमारे 18.5 किलोमीटर) भर घालायची, इंजिनांची ताकद वाढवायची, विमान वळवायचं हातातलं चाक घट्ट धरून ऑटोपायलट काढायचा आणि त्या ढगांच्या थरातून बाहेर पडायचं. घट्ट अशासाठी, की ऑटोपायलट तोवर चाक मुकाट्याने एका बाजूला दाबून धरत असतो आणि तो सुटताच विमान झटक्यात कलंडू शकतं. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मिटलेले असतील तर उघडायचे नाहीत. उघडे असतील तर बर्फ जाईपर्यंत मिटायचे नाहीत.

सिम्युलेटरमधला सगळ्यात मोलाचा धडा हाताचा आहे. स्टॉलचा इशारा म्हणून चाकाचा समोरचा दांडा थरथरला की आधी नाक खाली, मग ताकद. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ विमान कोसळून 50 जीव गेले. तिथे बर्फाचा परिणाम किरकोळ होता, पण इशारा मिळाल्यावर दांडा मागे ओढला गेला. पूर्वी ‘उंची किती कमी गमावली’ यावर गुण मिळत, त्यामुळे हाताला ओढायचीच सवय लागे. आता उंची गेली तरी चालते, आधी हवा पुन्हा पंखाला धरून वाहिली पाहिजे.

प्रश्न : टोरांटोत आमचं विमान निघण्याआधी पंखांवर नारिंगी, मग हिरवा द्रव फवारला. तो असताना हवेत वेगळी सोय कशाला?
– ज्येष्ठ वाचक, नागाळा पार्क

उत्तर : तो द्रव जमिनीपुरताच. नारिंगी गरम द्रव साचलेला बर्फ काढतो. हिरवा दाट द्रव नवा धरू देत नाही, पण धावपट्टीवर वेग आला की ओघळून जातो. तो किती वेळ टिकेल हे वैमानिक तापमान आणि हिमवर्षावाचा जोर पाहून तक्त्यातून काढतात. रांगेत ती मुदत उलटली, तर बहुतेक वेळा विमान परत फवारणीला जातं. विमानाला असा उशीर झाला तर तो सोसावा.