आठ दिवसांसाठी पिट्सबर्ग, सहा महिन्यांसाठी क्लीव्हलँड

तुमच्या मुलाला अमेरिकेत पिट्सबर्ग आणि क्लीव्हलँड दोन्हीकडे नोकरी मिळतेय, पगार उन्नीस-बीस, आणि निवृत्तीनंतर तुम्ही दोघं दर वर्षी काही महिने त्याच्याकडे राहणार. मग त्याने कुठलं शहर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी पिट्सबर्गमध्ये सात वर्षं काढली, क्लीव्हलँडला आता पाचवं वर्ष चालू आहे, आणि आईबाबा दोन्हीकडे येऊन राहिलेत. माझं उत्तर आधीच सांगते: फिरायला पिट्सबर्ग, राहायला क्लीव्हलँड. कारण पगारात नाही, तुमच्या पायात आहे.

पिट्सबर्ग देखणं आहे, यात वादच नाही. विमानतळावरून येताना बराच वेळ नुसत्या टेकड्या दिसतात. मग फोर्ट पिट बोगदा लागतो, आणि बोगद्याच्या तोंडातून गाडी थेट पुलावर निघते. एका क्षणात सगळं शहर समोर: उंच इमारती, पिवळे पूल, आणि डाव्या हाताला ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला यांचा संगम. तिथूनच ओहायो नदी सुरू होते. बाबा पुढच्या सीटवर होते, ते हातातली पाण्याची बाटली उघडायचीच विसरले. संध्याकाळी ड्यूकेन इन्क्लाइनने वर जा. १८७७ सालापासून टेकडीच्या उतारावर चालणारी ही लाकडी डब्यांची केबल गाडी. मी साताऱ्याची, तिथल्या ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापासून गावातले दिवे बघत मोठी झालेली. या टेकडीच्या कठड्याशी उभी राहिले की मला तेच आठवायचं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ४२ मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंगमध्ये देशोदेशींच्या धर्तीवर सजवलेले वर्ग आहेत, त्यात नालंदाच्या धर्तीवरचा आपलाही एक आहे. तोही बघा. पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं देऊळ १९७६ सालचं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या देवळांपैकी. देवळाच्या बाबतीत पिट्सबर्गच पुढे, हे मी क्लीव्हलँडला राहूनही मान्य करते.

पण तिथे रोज राहायचं म्हणजे रोज चढ-उतार. शहरात सातशेच्या वर सार्वजनिक जिने आहेत आणि त्यातल्या कित्येकांना कागदोपत्री रस्त्याचा दर्जा आहे. नकाशात रस्ता म्हणून बघितलेला प्रत्यक्षात जिना निघतो. आमचं घर ग्रीनफिल्डला, बसथांब्यापासून असाच एक जिना चढून वर. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. नोव्हेंबरात एका सकाळी पायऱ्यांवर बर्फाचा पातळ, काचेसारखा थर होता. ती दोन्ही हातांनी लोखंडी दांडी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आडवी उतरत होती. निम्म्यात थांबली आणि म्हणाली, "मी इथेच बसते गं, तू जाऊन ये." त्यानंतर परत जाईपर्यंत ती माझ्या गाडीशिवाय घराबाहेर पडली नाही. साताऱ्यात रोज भाजीला एकटी जाणारी बाई! ते बघणं मला फार जड गेलं. पिट्सबर्गच घ्यायचं ठरलं तर स्क्विरल हिल किंवा शेडीसाइडमध्ये घर बघा. तिथे बऱ्यापैकी सपाट आहे, दुकानं आणि वाचनालय चालत जाण्याजोगं आहे. भाडं मात्र जास्त पडेल.

क्लीव्हलँड ईरी सरोवराच्या काठावर, बरंचसं सपाट. आम्ही युनिव्हर्सिटी सर्कल या भागाच्या कडेला राहतो. तिथलं कलासंग्रहालय सगळ्यांना फुकट आहे, आणि संग्रह असा की मोठमोठ्या राजधान्यांनी हेवा करावा. अकराव्या शतकातला चोळांचा कांस्य नटराज तिथे आहे. बाबा दिवसाआड चालत जायचे, त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहायचे, मग बाहेर तळ्याकाठी बसून बदकं बघत घरी यायचे. काही आठवड्यांनी तिथला पहारेकरीच त्यांना म्हणाला, "आज उशीर झाला." परक्या गावात कुणी आपली वाट बघतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! बाबा घरी येऊन ते दोनदा सांगत होते.

विमानतळावरून रेड लाइन ही रेल्वे थेट शहराच्या मध्यभागी आणि पुढे आमच्या भागापर्यंत येते, १९६८ पासून. त्याच गाडीने आई वेस्ट साइड मार्केटला जाते. १९१२ सालची विटांची मंडई, मनोऱ्यावर घड्याळ, आत कोथिंबिरीपासून मासळीपर्यंत सगळं.

एवढं सगळं आणि भाडं बेताचं, हे कसं? १९५० साली या शहरात नऊ लाखांवर माणसं होती, २०२० च्या जनगणनेत पावणेचार लाखही भरली नाहीत. कारखाने गेले, माणसं गेली, पण पोलाद आणि तेलाच्या पैशांतून उभी राहिलेली संग्रहालयं, वाद्यवृंद, रुग्णालयं राहिली. पिट्सबर्गचीही कहाणी हीच. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: क्लीव्हलँडच्या पूर्व भागात ओस पडलेल्या घरांच्या गल्ल्या आहेत, आणि दोन चौक ओलांडले की वस्ती पार बदलते. घर दिवसा बघा आणि रात्रीही बघा.

हिवाळा दोन्हीकडे ढगाळ आणि उदास. क्लीव्हलँडला भर म्हणजे सरोवराचा बर्फ: गार वारा कोमट पाण्यावरून ओल उचलतो आणि पूर्वेकडच्या उंचवट्यावर ओततो. त्यामुळे पश्चिमेच्या उपनगरांत बर्फ कमी, पूर्वेच्या उपनगरांत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. तुम्ही मे ते ऑक्टोबर आलात तर याचा प्रश्नच येत नाही.

डॉक्टरांची चिंता दोन्हीकडे नको, नावाजलेली रुग्णालयं आहेत. पण निघताना प्रवासी विमा नीट वाचून घ्या. बीपी-साखरेसारखी जुनी दुखणी बऱ्याच पॉलिसी धरत नाहीत.

दोन शहरांत गाडीने दोन-सव्वादोन तासांचंच अंतर आहे, तेव्हा क्लीव्हलँडला राहून पिट्सबर्ग शनिवार-रविवारी बघता येतं. मुलाचं ऑफिस क्लीव्हलँडच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला, तेवढं कळवा. त्यावरून कुठल्या भागात घर बघायचं ते सांगते.