दोन खोल्यांची शाळा चालेल का?

प्रश्न : बाई, आम्ही दिंडोरी तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. गावात चर्चची मराठी शाळा आहे, पहिली ते चौथी. दोन खोल्या, दोन शिक्षक, पट चाळीसच्या आत. एका खोलीत दोन इयत्ता बसतात. सकाळी प्रार्थना होते, ती ख्रिस्ती असते. जाऊबाई म्हणतात, "तिथे काय शिकणार? आमच्या मुलांबरोबर बसने इंग्लिश मीडियमला पाठव." सासरे म्हणतात, "मिशनची शाळा आहे, डोळे झाकून नाव घाला." मी कोणाचं ऐकू?
— एक पालक, दिंडोरी तालुका

उत्तर : ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघांपैकी कोणी त्या वर्गात तासभर बसलंय असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. तुम्ही बसा.

मी केंद्रप्रमुख होते तेव्हा शाळेत गेल्यावर आधी तिसरीच्या मुलांकडे जायचे, ऑफिसातला चहा नंतर. (चहा आधी घेतला की सगळंच छान दिसायला लागतं.) तिसरीच का, तर तोवर वाचन आणि आकडेमोड पक्की व्हायलाच हवी. 2021 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाचंही उद्दिष्ट तेच आहे. तुमच्या मुलीचं तिथे काय होईल, ते त्या तिसरीतल्या पोरांकडे बघून कळेल. हेडसरांची परवानगी घ्या आणि दोन-तीन मुलांशी गप्पा मारा.

मराठीच्या पुस्तकातला अजून न शिकवलेला धडा काढा, चित्रावर हात ठेवा आणि मधल्याच परिच्छेदापासून वाचायला सांगा. पहिल्या ओळीपासून वाचायला सांगितलं तर पाठ असलेलं घडाघडा म्हणून दाखवतात, आणि आपण फसतो. जोडाक्षराला अडखळलं तर हरकत नाही. वाचून झाल्यावर "काय झालं मग?" एवढंच विचारा. स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर समजून वाचलंय.

मग 52 वजा 38. उत्तर 14 यायला हवं. 26 आलं तर समजा, मुलाने पाचातून तीन आणि आठातून दोन वजा केलेत, म्हणजे जिथे जे मोठं त्यातून लहान काढलं. दशक सुटा करायचा असतो हे त्याला कुणी मणी-काड्या हातात देऊन दाखवलेलं नाही. एका मुलाचं चुकलं तर सोडून द्या, पण सगळ्यांचं 26 आलं तर ती चूक शिकवण्यातली आहे.

वह्याही उघडा. 'माझी आई' निबंध तीन वह्यांत शब्द न् शब्द सारखा, आणि 'स्वयंपाक' तिन्हीत एकाच पद्धतीने चुकलेला, वर लाल शाईत 'छान' : याचा अर्थ फळ्यावरून उतरवलंय आणि तपासणाऱ्याने वाचलेलं नाही. उलट एखाद्या वहीत वेडीवाकडी चारच वाक्यं असतील, पण आईच्या हाताला द्राक्षाच्या औषधाचा वास येतो असं लिहिलेलं असेल, तर त्या शिक्षकांच्या हाती मूल निर्धास्त सोपवा.

दोन इयत्ता एका खोलीत, याचा बाऊ करू नका. शिक्षण हक्क कायद्यातही साठ मुलांपर्यंत प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक धरलेत. आपल्या वाडी-वस्तीवरच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा अशाच चालतात. बघायचं ते वेगळंच : सर पहिलीला शिकवताना दुसरीची मुलं काय करतात? हातात काम असेल तर ठीक. हाताची घडी घालून नुसती बसली असतील, तर रोजचा अर्धा दिवस वाया जातोय. दोन्ही शिक्षक किती वर्षं टिकलेत हेही विचारा. लहान शाळेत एक चांगला माणूस गेला तर निम्मी शाळा जाते.

प्रार्थनेबद्दल. राज्यघटनेच्या कलम 28 (3) नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला किंवा शिक्षणाला बसवता येत नाही. नको असेल तर प्रवेशाच्या वेळीच तसं लिहून द्या, भांडायची गरज नाही. मला विचाराल तर प्रार्थनेने पोर बिघडत नाही, पण निर्णय तुमचा.

सासऱ्यांना सांगा, मिशनच्या शाळांना नाशिकमध्ये मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात शरणपूरला मिशनने गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शिकवलं, सुतारकाम-लोहारकामासकट. पण त्या पुण्याईवर आजच्या शिक्षकाला गुण देता येत नाहीत.

जाऊबाईंच्या शाळेतही हीच परीक्षा घ्या, इंग्रजी धड्यावर. तिथली मुलं अर्थ सांगू शकली तर त्यांचं म्हणणं विचारात घ्या. फक्त सहा वर्षांच्या पोरीचा बसमधला वेळही त्यात धरा.

मान्यतेचं पत्र आणि यू-डायसचा (सरकारी नोंदीतला शाळेचा) अकरा आकडी क्रमांक दोन्हीकडे मागा, आपल्याकडे तो 27 ने सुरू होतो. चौथीनंतर पाचवीला दाखला न्यायचाय, तेव्हा धावपळ नको. खुडा सुरू असला तरी मार्चमध्येच एक सकाळ काढा. मेमध्ये गेलात तर कुलूप दिसेल, आणि जूनमध्ये सगळ्याच शाळा फुगे लावून बसलेल्या असतात.