वाळवंटातल्या विद्यापीठाचं पाण्यावरचं संशोधन नागपूरच्या काय कामाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठासारखी वाळवंटातली विद्यापीठं पाण्याचं संशोधन, शिक्षण आणि बचत यांवर इतकं काम करतात, पण ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या नागपूरला त्याचा उपयोग काय? आणि सिव्हिल इंजिनीअरिंग झाल्यावर त्यासाठी तिकडे शिकायला जावं का?

उपयोग आहे, आणि तो मोजमापाचा आहे. तिकडचं बांधकाम जसंच्या तसं इकडे आणाल तर पैसे पाण्यात जातील. "नागपूरला पाऊस भरपूर आहे, वाळवंटाची उदाहरणं आम्हाला सांगू नका" हे वाक्य सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आधी त्याचाच निकाल लावतो.

पडलेलं पाणी मावतं कुठे, हा खरा प्रश्न आहे. पश्चिम नागपूर बसाल्टवर आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हा खडक पूर्ण भरला तरी त्यातून काढता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरा. १००० चौरस मीटरच्या प्लॉटखाली १ लाख लिटर पाणी मुरवलं, तर कागदावर पातळी ५ मीटर चढते. लोक बोअरमध्ये दोरी सोडून बघतात, पाच मीटर चढलेलं दिसतं आणि वर्षाची सोय झाली असं समजतात. प्रत्यक्षात तेवढंच पाणी उपसलं की पातळी तितकीच खाली येते, आणि उपसलं नाही तरी ते उताराने नाल्याकडे सरकत राहतं. ॲरिझोना विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या टूसॉनच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा रेती-गोट्यांचा गाळ आहे. पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास, पण साठवायला कोठार प्रचंड. आपल्याकडे उलटं आहे: आवक मोठी, कोठार लहान. म्हणून हिशोब आपल्याला जास्त काटेकोर हवा.

आता पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा, म्हणजे रिचार्जचा, एक खड्डा घ्या. एका सोसायटीचा आहे, नाव नको. छत ४०० चौरस मीटर, खड्डा २ बाय २ बाय २ मीटर, आत गिट्टी भरलेली. ठेकेदाराने सांगितलं, अख्ख्या छताचं पाणी जिरेल. कमिटीने मान डोलावली. हिशोब असा होता: खड्डा ८ घनमीटरचा, गिट्टीतली पोकळी ४० टक्के, म्हणजे पाणी मावणार ३२०० लिटर. छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की गळती-बाष्प वजा जाता ३४० लिटर येतात. साडेनऊ मिलिमीटरला खड्डा फुल्ल. नागपूरला जुलैत ५० मिलिमीटरची सर काही नवलाची नाही, आणि तेवढ्यात त्या छतावरून १७ हजार लिटर उतरतात.

बरं, मग भरलेला खड्डा रिकामा किती वेळात होतो? तळ काळ्या मातीत होता. ओली काळी माती तासाला ५ मिलिमीटरच्या आतच पाणी घेते. तळ ४ चौरस मीटर, म्हणजे तासाला फार तर २० लिटर. ३२०० लिटरला १६० तास, जवळजवळ सात दिवस. बाजूंनी थोडं जास्त झिरपतं, पण तोवर पुढची सर येते. पाणी खड्ड्याच्या काठावरून पार्किंगमध्ये, तिथून लिफ्टच्या पिटमध्ये. लिफ्ट बंद पडली आणि खापर फुटलं ते "रिचार्ज" या कल्पनेवर. खड्डा बुजवा, असा ठरावसुद्धा आला.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: दोष रिचार्जचा नाही, चाचणी न करता खणण्याचा आहे.

चाचणी अशी करा. जिथे खड्ड्याचा तळ येणार तेवढं खोल खणा. ३० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची रिंग तळात ठोकून बसवा, जमल्यास बाहेरून ६० सेंटिमीटरची दुसरी. दोन्हींत पाणी भरा. बाहेरचं पाणी आतल्या पाण्याला आडवं पळू देत नाही. आत पट्टी लावून दर १५ मिनिटांनी घट लिहा, लागोपाठ तीन-चार वाचनं सारखी येईपर्यंत. शेवटचा आकडा धरायचा, पहिला नाही. इथेच बहुतेक जण फसतात, कारण चाचणी मे महिन्यात होते. तेव्हा काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात, बादल्याच्या बादल्या गडप होतात आणि आकडा झकास येतो. पहिल्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात, दर कोसळतो. म्हणून आदल्या दिवशी जागा भरपूर भिजवून, रात्रभर ओली ठेवून मगच मोजायचं.

त्या खड्ड्याची दुरुस्ती काळी माती ओलांडून मुरमात जाण्याची होती. मातीच्या थरात पक्कं बांधकाम, म्हणजे ती आत ढासळत नाही आणि पाणी पायाकडे जात नाही. मुरमाच्या थरात जाळीदार विटकाम. तळाला मोठी गिट्टी, वर बारीक गिट्टी, सर्वांत वर रेती. खड्ड्याआधी गाळ बसायला छोटं चेंबर, आणि छताचं पहिलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह: ४०० चौरस मीटरला १ मिलिमीटरच्या हिशोबाने ४०० लिटर वाया घालवायचे, कबुतरांची घाण आणि धूळ त्यातच जाते. सगळ्यात महत्त्वाचा ओव्हरफ्लोचा पाइप, थेट पावसाळी नालीत. हा पाइप नसलेला खड्डा मी पास करणार नाही. वरची रेती दर मे महिन्यात दोन इंच खरवडून बदलायची. नाही केलं तर तिच्यावर गाळाची साय धरते आणि खालचं सगळं बांधकाम कोरडं राहतं.

वाळवंटात हे आकडे आधी मांडतात, कुदळ नंतर. जोधपूरच्या काजरीने (कोरड्या प्रदेशांवरची केंद्रीय संशोधन संस्था, स्थापना १९५९) सुधारलेलं टाकं, म्हणजे पावसाच्या पाण्याची जमिनीखालची टाकी, २१ घनमीटरचं का? सहा माणसांचं कुटुंब, माणशी रोज १० लिटर पिण्या-रांधण्याला, वर्षभर: साधारण २१-२२ हजार लिटर. गरज आधी, आकार नंतर. मग त्या पावसात तेवढं भरायला आगोर (टाक्याकडे पाणी उतरवणारी भोवतालची जमीन) किती लागेल ते काढायचं. आपल्याकडे खड्ड्याचा आकार जेसीबीच्या बकेटवरून ठरतो.

मोजमाप चुकलं तर शहर कसं पोळतं ते टूसॉननेच दाखवलंय. १९९२ मध्ये तिथे कोलोरॅडो नदीचं कालव्याने आणलेलं पाणी थेट नळांना सोडलं. पाणी पिण्याच्या मानकांत बसणारं होतं. पण तोवर त्या पाइपांतून बोअरचं पाणी वाहत आलेलं; नव्या पाण्याचं रसायन वेगळं, काही लायनींत वाहण्याची दिशाही उलटली. आतला जुना गंज सुटला आणि घरोघरी लाल-तपकिरी पाणी आलं. १९९४ मध्ये पुरवठा थांबवावा लागला, १९९५ मध्ये लोकांनी मतदान करून असा थेट पुरवठा बंद पाडला. मग तेच पाणी ॲव्हरा खोऱ्यातल्या उथळ तलावांतून जमिनीत मुरवलं, तिथल्या भूजलात मिसळलं आणि विहिरींनी उपसून २००१ पासून दिलं. आपल्याकडे जुन्या इमारती बोअरवरून एकदम पेंच धरणाच्या नळावर जातात, तेव्हा लहान प्रमाणात हेच घडू शकतं. आधी जुन्या जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा फूटभर तुकडा कापून आतून पाहा. पापुद्रे निघत असतील तर आधी पाइप बदला, नाहीतर पाणी टप्प्याटप्प्याने मिसळत न्या.

संशोधनाबद्दल एकच सांगतो, कारण त्यामुळे माझं मत पक्कं झालं. ॲरिझोना विद्यापीठात झाडांच्या वर्षवलयांची प्रयोगशाळा १९३७ पासून आहे. १९२२ च्या करारात कोलोरॅडोचं वर्षाला सुमारे साडेअठरा अब्ज घनमीटर पाणी दोन खोऱ्यांत वाटलं गेलं होतं. १९७६ मध्ये वलयांवरून (ओल्या वर्षी वलय जाड, कोरड्या वर्षी बारीक) नदीचा जुना प्रवाह काढला, तेव्हा दीर्घकाळची सरासरी साडेसोळा अब्जांच्या थोडी वर निघाली. वाटप झालं ते नेमक्या ओल्या वर्षांच्या नोंदींवर. दहा-वीस वर्षांची सरासरी धरून "पाऊस भरपूर आहे" म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे लिहून ठेवावेत.

शिक्षणाचा भाग मला सगळ्यात नकल करण्याजोगा वाटतो. ॲरिझोना प्रोजेक्ट वेट नावाचा कार्यक्रम शिक्षकांना तयार करतो आणि मुलं शाळेच्या नळांचं ऑडिट करतात: धार मोजायची, नळाच्या तोंडाची जाळी बदलायची, परत मोजायची. इथे त्याला लिटरचं माप आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. लिटर भरायला ५ सेकंद लागले तर मिनिटाला १२ लिटर. चित्रकला स्पर्धा आणि "जल है तो कल है"ची फेरी यापेक्षा हे हजार पटीने चांगलं.

तुम्ही तिकडे जावं का? खर्च आणि व्हिसाचं गणित तुमचं तुम्ही बघा. जाणार असाल तर भूजलाचं मॉडेलिंग, समस्थानिकांवरून (आयसोटोप) पाण्याचा उगम ओळखणं किंवा पाणी-कायदा यासाठी जा. १९८० च्या भूजल कायद्याने तिथल्या ठरावीक भागांत मोठ्या उपशाची मोजणी सक्तीची झाली, ते जवळून पाहण्यासारखं आहे. नुसतं रेनवॉटर हार्वेस्टिंग शिकायला सातासमुद्रापार जायची गरज नाही. आणि ज्ञान एकाच दिशेने वाहतं असं समजू नका. पाण्यातलं फ्लोराइड काढायची तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची आहे, आणि फ्लोराइडचा त्रास राजस्थानच्या वाळवंटात भरपूर आहे.

जाण्याआधी एक करा: तुमच्या वस्तीतल्या एका विहिरीची पातळी मे आणि नोव्हेंबरमध्ये, पहाटे मोटर सुरू व्हायच्या आत, काठावरच्या एकाच खुणेपासून टेपने मोजा आणि लिहा.

दोन गोष्टी राहिल्या. वरचे खडकाचे आकडे बसाल्टचे आहेत. पूर्व नागपुरात खडक वेगळा आहे, तिथे ते लावू नका. आणि रिचार्जसाठी फक्त छताचं पाणी घ्या, पार्किंगचं नाही. ऑइल आणि डिझेल एकदा खडकाच्या फटीत गेलं की रेतीचा कुठलाही थर ते परत आणत नाही, आणि पिण्याच्या चालू बोअरमध्ये तर छताचं पाणीही थेट सोडू नका.