82 विरुद्ध 78: महागडं मॉडेल घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेतकऱ्यांसाठी मराठी चॅटबॉट करायचाय, 100 प्रश्नांवर दोन एआय मॉडेलं तपासली, पहिल्याला 82 आणि दुसऱ्याला 78 मिळाले. पहिलं महाग आहे, तरी घ्यावं का?

एवढ्यावरून नको. 100 प्रश्नांत 80च्या आसपास गुण असले की योगायोगाचे वर-खाली 8 गुण धरूनच चालायचं. प्रश्न 400 केलेत तर ते 4 वर येतात. पण दोघांनी एकच पेपर सोडवलाय, त्याचा फायदा घ्या. दोघांचेही बरोबर आलेले 73 आणि दोघांचेही चुकलेले 13 बाजूला काढा. तुमच्या शीटमध्ये उरले 14. त्यातले 9 फक्त पहिल्याला आले, 5 फक्त दुसऱ्याला. दोन्ही मॉडेलं सारखीच असती, तर यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे नाणेफेक. आणि नाणं 14 वेळा उडवलं तरी 9-5 किंवा त्याहून एकतर्फी निकाल शंभरात साधारण 42 वेळा लागतो. मॅकनेमारची 1947 सालची चाचणी याच कल्पनेवर उभी आहे. म्हणजे 82-78 वरून काहीच ठरत नाही.

मग ते 9 प्रश्न उघडून वाचले. (हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही, आणि सगळी मजा तिथेच असते.) चार ठिकाणी दुसऱ्या मॉडेलचं उत्तर चक्क बरोबर आहे! उत्तरसूचीत 'दुसऱ्या आठवड्यात', मॉडेलचंही 'दुसर्‍या आठवड्यात'. डोळ्यांना फरक दिसणार नाही. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरलंय, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. तुमची स्क्रिप्ट अक्षरं जशीच्या तशी जुळवते, म्हणून शून्य. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) हे दोन एक करत नाही, तो बदल आपणच लिहावा लागतो. मीही एकदा यात दोन दिवस घालवलेत. ते चार गुण दिले की दोघंही 82.

ब्ल्यू (उत्तर नमुना उत्तराशी किती जुळतं याचे गुण देणारी मोजपट्टी) लावू का, असंही विचारलंय. 2002 साली आयबीएमच्या लोकांनी ते यांत्रिक भाषांतरासाठी आणलं. ते शब्द जुळवतं. 'पाण्यातून द्या' आणि 'पाण्यामधून द्या' यांत शेतकऱ्याला फरक नाही, ब्ल्यूला आहे. प्रत्ययांच्या भाषेला अक्षरं जुळवणारं सीएचआरएफ त्यातल्या त्यात बरं. पण औषधाची मात्रा चुकली तर दोन्ही मोजपट्ट्यांना ती जेमतेम एका शब्दाची चूक वाटेल. मात्रा वेगळी तपासा, आणि तीही कृषी पदवीधराकडून.

मला जास्त खटकले ते प्रश्नच. 'कापसावरील लाल्या विकृतीची कारणे सांगा' असं कोण विचारतं? वऱ्हाडातला माणूस 'कपाशी लाल पडली काय फवारू' एवढंच टाकेल, तेही बोलून. खरे आलेले प्रश्न नावं-नंबर काढून घ्या आणि प्रॉम्प्ट (मॉडेलला द्यायच्या सूचना) लिहिणाऱ्याला दाखवू नका. तपासायला आणखी एखादं मॉडेल बसवलंत तर दोघांच्या उत्तरांचा क्रम उलटून पुन्हा तपासून घ्या. पहिलं वाचलेलं उत्तर पसंत करायची खोड अशा परीक्षक मॉडेलांना अनेकदा असते.

तूर्त स्वस्तातलं घेऊन कामाला लागा. उरलेले पाच-पाच प्रश्न मात्र उत्तरांसकट इथे टाका, त्यातल्या फवारणीच्या दोन उत्तरांबद्दल मला शंका आहे.