सुपरहिरोंच्या कथा आणि नव्याने कळलेली स्वमग्नता
स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान तुम्हाला नुकतेच झाले असेल, तर सुपरहिरोंच्या कथा जरूर वाचा-पाहा. मात्र त्यांतील शक्तींपेक्षा त्या पेलताना होणाऱ्या दमछाकीकडे अधिक लक्ष द्या. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’ चित्रपटात शाळकरी क्लार्क, म्हणजे पुढचा सुपरमॅन, वर्गातील आवाजांनी व दृश्यांनी भांबावून स्वतःला एका खोलीत कोंडून घेतो, तेव्हा आई दाराबाहेरून त्याला केवळ आपल्या आवाजावर लक्ष केंद्रित करायला सांगते; संवेदनांचा भडिमार म्हणजे काय, हे घरच्यांना समजावण्यासाठी मला हा प्रसंग कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा उपयुक्त वाटतो. चष्म्याआडची त्याची दुहेरी ओळख आपल्या मास्किंगशी, म्हणजे चारचौघांसारखे दिसण्यासाठी स्वमग्नतेची लक्षणे लपवण्याशी, बरीच जुळते. स्वमग्नतेला ‘ही तर महाशक्तीच’ असे कोणी कौतुकाने म्हणाले, तर सावध राहा, कारण अशा कौतुकापायी तुम्हाला लागणारी मदत सहज नाकारली जाते.